पोलिसांनी मोबाइल मागितला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाकाबंदीवर, पोलीस ठाण्यात, घराच्या झडतीत किंवा नुसत्या ‘चौकशीला येऊन जा’ अशा निरोपानंतर लोकांना जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कायदा मात्र बहुतांशी देशभर तोच आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. मोबाइल ताब्यात घेणे आणि मोबाइलच्या आतले वाचणे या दोन वेगळ्या कृती आहेत. पोलीस त्या एकच समजून चालतात, आणि आपणही घाबरून तसेच समजतो. पुढची बहुतेक उत्तरे या फरकावरच उभी आहेत.

रस्त्यात अडवून पोलीस माझे व्हॉट्सअ‍ॅप बघू शकतात का?

सरसकट, वाटेल त्याचे, नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादचे पोलीस दुचाकीस्वारांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये ‘गांजा’ असा शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. त्यावर बरीच टीका झाली, आणि ती योग्यच होती. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे पोलिसांना वॉरंटशिवाय झडती घेता येते. (पुढे कायद्याचे नाव न घेता नुसते ‘कलम’ म्हटले आहे, ते याच संहितेचे.) पण त्यासाठी एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू असावा लागतो, झडतीची कारणे आधी लिहावी लागतात आणि शक्य तितके नेमकेपणाने, काय शोधायचे आहे तेही लिहावे लागते. चौकात उभे राहून येईल त्याचा फोन चाळण्यात यातले काहीच नसते.

वाहतूक पोलिसांनी कागदपत्रे मागितली तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन उघडून लायसन्स स्क्रीनवर दाखवा. फोन त्यांच्या हातात देण्याची गरज नाही.

फोन मागितलाच तर आवाज न चढवता विचारा, ‘साहेब, कोणत्या गुन्ह्यात? लेखी काही आहे का?’ एक धोका लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः लॉक उघडून फोन हातात दिलात, तर ‘त्यांनी संमतीने दाखवला’ असे पुढे म्हटले जाऊ शकते. अर्थात रात्री अकरा वाजता, आजूबाजूला कोणी नसताना, वस्तीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराला हे बोलणे किती जड जाते याची आम्हाला जाणीव आहे. अशी झडती कोणाच्या वाट्याला जास्त येते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. नाही म्हणता आले नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. घरी आल्याबरोबर वेळ, ठिकाण, नेमप्लेटवरचे नाव किंवा बक्कल नंबर, आणि काय काय उघडून पाहिले ते लिहून ठेवा. तक्रार करायची झाली तर याच टिपणाचा आधार असतो.

मोबाइलच्या झडतीसाठी वेगळा कायदा आहे का?

नाही, आणि सगळ्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ९४ मध्ये, ज्यात डिजिटल पुरावा असू शकतो अशी संपर्काची उपकरणे हजर करायला सांगण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत आला. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले. पण फोन हातात आल्यावर किती मागच्या तारखेपर्यंतचे वाचायचे, कोणती अ‍ॅप उघडायची, गुन्ह्याशी संबंध नसलेल्या फोटोंचे काय करायचे, काढलेली प्रत केव्हा पुसायची, याबद्दल संहितेत एक ओळ नाही. कपाट, पेटी आणि खोलीच्या झडतीसाठी घडवलेले नियम आपण फोनला लावत आहोत.

ही पोकळी काही अंशी न्यायालयांनी भरली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यात सरकार हात घालणार असेल तर कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाच्या प्रकरणात पत्रकारांचे फोन आणि लॅपटॉप मोठ्या संख्येने उचलले. पत्रकार आणि प्राध्यापकांच्या याचिका त्याआधीपासून प्रलंबित होत्याच. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे तयार करायला सांगितले. तपास यंत्रणांच्या हाती असा सर्वंकष अधिकार असणे धोक्याचे आहे, असेही बजावले. पुढच्या महिन्यात केंद्राने सांगितले की तोवर केंद्रीय यंत्रणा सीबीआयची २०२० ची नियमावली पाळतील. राज्य पोलीस त्या आश्वासनात येत नाहीत, आणि तुमच्या दारात येणारे बहुतेकदा राज्य पोलीसच असतात.

मग वॉरंट लागतेच का?

दर वेळी नाही. कलम ९६ खाली न्यायालय वॉरंट देते, कलम १८५ मध्ये घाईच्या प्रसंगी वॉरंटशिवाय झडती चालते, आणि कलम १०६ खाली गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असलेली वस्तू जप्त करता येते. अटकेनंतरच्या अंगझडतीत सापडलेला फोनही ताब्यात घेतला जातो. हे सगळे फोन घेण्याबद्दल झाले. आत शिरण्याबद्दल सर्वांत तपशीलवार विचार कर्नाटक उच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ च्या वीरेंद्र खन्ना निकालात केला. एरवी न्यायालयाचे वॉरंट घ्यावे, तातडीचा प्रसंग असेल तर कारणे लिहावीत, आणि तपासात मिळालेली माहिती न्यायालयाच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या कोणाला देऊ नये, असे त्यात आहे. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही. तरीही मुंबई उच्च न्यायालयासमोर किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर तो जरूर ठेवावा. याहून स्पष्ट कार्यपद्धती आज दुसरीकडे सापडणे कठीण.

पासवर्ड सांगावाच लागतो का?

तुम्ही आरोपी असाल तर, आमच्या मते, नाही. पण यावर न्यायालयांचे एकमत नाही, तेव्हा दोन्ही बाजू समजून घ्या.

संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी एक रेषा आखली. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने हे शरीराचे पुरावे, ते घेता येतात. स्वतःच्या माहितीतून, स्वतःच्या मनातून काही सांगायला लावणे मात्र सक्तीची साक्ष होते. २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीशिवाय नार्को चाचणी करण्यास मनाई केली, तीही याच विचाराने. आता पासवर्ड कुठे असतो? मनात. म्हणून दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये, आणि डिसेंबर २०२३ मध्ये संकेत मोदी प्रकरणात जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की आरोपीवर पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येत नाही. कर्नाटकचा कौल उलटा आहे. पासवर्ड देणे म्हणजे साक्ष नव्हे, असे वीरेंद्र खन्ना निकाल म्हणतो. नकार दिला तर न्यायालय प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते, म्हणजे तो नकार आरोपीच्या विरुद्ध धरू शकते, आणि यंत्रणेला लॉक तोडायची मुभाही देऊ शकते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ ही वेगळी बाब आहे. त्याखाली माहिती उलगडून देण्याचा आदेश निघाला आणि तो पाळला नाही, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो आदेश ठाण्यातला अधिकारी आपल्या मर्जीने काढू शकत नाही. २००९ च्या नियमांनुसार एरवी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांची मंजुरी लागते. चौकीत कोणी हे कलम तोंडी सांगून दरडावू लागले, तर आदेशाची प्रत मागा.

पासवर्ड दिल्याशिवाय सोडत नाहीत अशी वेळ आली आणि तो द्यावा लागला, तर पुढच्या पहिल्याच तारखेला वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांना तसे सांगा. अटकेनंतर चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते. चौकशीच्या पूर्ण वेळी वकील शेजारी बसू शकत नाही, पण भेट नाकारता येत नाही.

बोट लावून किंवा चेहरा दाखवून फोन उघडून घेतला तर?

इथे संरक्षण पातळ आहे. वर सांगितलेल्या त्याच दिल्लीच्या विशेष न्यायालयाने पासवर्डची सक्ती नाकारली, पण बोटाचा ठसा, चेहरा यांसारखे बायोमेट्रिक घेता येईल असे म्हटले. ओळख पटवण्यासाठी ठसा घेणे आणि त्याच ठशाने माणसाचे सगळे खासगी आयुष्य उघडणे, या दोन्ही गोष्टी एका पारड्यात टाकणे आम्हाला पटत नाही. ठसा जुळवून बघणे आणि ठशाने कुलूप काढणे यांचे परिणाम फार वेगळे आहेत. पण आज कायदा जिथे उभा आहे तिथे पासवर्डला जास्त संरक्षण मिळते. बहुतेक फोन बंद करून पुन्हा चालू केले की पहिल्यांदा पासवर्डच मागतात, हेही माहीत असू द्या.

फोन जप्त करताना मी काय पाहावे?

पंचनामा. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण जप्ती पंचनाम्याची प्रत हातात असल्याशिवाय विषय संपला असे मानू नका. कलम १०३ प्रमाणे परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, झडती त्यांच्या आणि तुमच्या समोर व्हायला हवी, जप्त वस्तूंची यादी तिथेच बनायला हवी आणि तिची सही केलेली प्रत तुम्हाला मिळायला हवी.

‘एक काळ्या रंगाचा मोबाइल, जुना वापरता’ एवढे लिहून भागत नाही. कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय नंबर (हँडसेटचे ओळख क्रमांक), सिमकार्डांचे नंबर, मेमरी कार्ड असेल तर तेही. फोन चालू होता की बंद, लॉक होता की उघडा. कुणाच्या हातून, किती वाजता घेतला. कोणत्या पाकिटात घालून कोणत्या मोहरेने सील केला, आणि सीलवर पंचांच्या सह्या आहेत का. फोन चालू स्थितीत नेत असतील तर तो फॅराडे बॅगेत, म्हणजे नेटवर्क तोडणाऱ्या पाकिटात ठेवायला हवा. नाहीतर बाहेरून त्यात बदल होऊ शकतो. यातले काही राहिले असेल तर सही करताना तुमच्या अक्षरात ‘सील माझ्यासमोर केले नाही’ किंवा ‘प्रत मिळाली नाही’ असे लिहा. कोऱ्या कागदावर सही करू नका.

चित्रीकरण चालू आहे का, हेही विचारा. कलम १०५ नुसार ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवे. पोलिसांना त्यासाठी ई-साक्ष्य नावाचे अ‍ॅप दिले आहे, तेव्हा सोय नव्हती ही सबब चालू नये. कलम १८५ खालच्या झडतीच्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांना पाठवावी लागते.

आणि एक साधी विनंती करा. फोन बंद होण्याआधी घरच्यांचे, वकिलाचे आणि डॉक्टरांचे नंबर कागदावर उतरवून घेऊ द्या. कित्येकांना आज स्वतःच्या बायकोचा नंबरही पाठ नसतो.

हॅश व्हॅल्यू म्हणजे काय? सगळे वकील ती का मागतात?

फोनमधला सगळा मजकूर एका गणिती सूत्रातून काढला की अंक आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ मिळते. मजकुरात एखादा स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. जप्तीच्या वेळची ओळ आणि प्रयोगशाळेतली ओळ जुळली, तर मधल्या काळात कोणी हात लावला नाही असे म्हणता येते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता ही व्हॅल्यू आणि ती कोणत्या पद्धतीने काढली हे लिहायला जागाच ठेवली आहे. हे प्रमाणपत्र म्हणजे निव्वळ औपचारिकता नव्हे. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल, तर प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत ग्राह्य नाही. तेव्हा साक्ष्य अधिनियम आला नव्हता, जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६५-ब होते.

याचे महत्त्व महाराष्ट्राला एल्गार परिषद प्रकरणाने शिकवायला हवे होते. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरातून संगणक जप्त केला. त्यातल्या पत्रांवर आरोपांचा मोठा भाग उभा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी तपासणी संस्थेने बचाव पक्षासाठी अहवाल दिला, की ती पत्रे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, वापरून बाहेरून घुसवली होती. फिर्यादी पक्षाला हे मान्य नाही. इथे हॅश व्हॅल्यूची मर्यादाही कळते. ती जप्तीनंतरची ढवळाढवळ उघड करते. जप्तीच्या आधीच कोणी काही पेरले असेल तर त्याचा पत्ता तिला लागत नाही. म्हणून जागच्या जागी हॅश मागाच, पण त्यासोबत काढलेल्या प्रतीचीही मागणी करा, म्हणजे तुमचा तज्ज्ञ ती स्वतंत्रपणे तपासू शकेल. फोनची हॅश जागेवर काढणे संगणकापेक्षा अवघड असते हे खरे. तसे असेल तर निदान सील प्रयोगशाळेत कोणाच्या समोर फोडले, हे नोंदलेले हवे.

मी आरोपी नाही, नुसता साक्षीदार आहे. तरी फोन घेतील?

घेऊ शकतात, आणि लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. ‘तुमचा काही संबंध नाही, जरा फोन द्या’ म्हणतात आणि फोन महिनोन्महिने जातो. आधी समजपत्र, म्हणजे हजर राहण्याची नोटीस, लेखी मागा. ते कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा: १७९ म्हणजे साक्षीदार, ३५(३) म्हणजे संशयित. स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुले, साठीच्या पुढचे, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायला हवे. ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू, ते उत्तर देण्याचे बंधन कलम १८० साक्षीदारावरही घालत नाही.

मार्ग आहे. तपासाला तुमच्या फोनमधले एकच संभाषण हवे असेल, तर तेवढेच पंचांसमोर काढून, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह देण्याची तयारी लेखी कळवा. पुष्कळ तपासी अधिकारी हे मान्य करतात, कारण त्यांनाही प्रयोगशाळेत फोन अडकून पडलेला नको असतो.

चौकशीची नोटीस आली, चॅट पुसून टाकू का?

नाही. पुरावा नाहीसा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, आणि मूळ प्रकरणात काही नसले तरी त्यात अडकाल. पुसलेले बरेचदा परतही मिळवता येते.

माझे खासगी चॅट टीव्हीवर आले तर?

२०२० साली मुंबईत सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वेळी कलाकारांची व्हॉट्सअ‍ॅप संभाषणे वाहिन्यांवर वाचून दाखवली गेली. ज्यांच्यावर कधी आरोपपत्रही आले नाही, त्यांचेही बोलणे घराघरांत पोचले. १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नीलेश नवलखा निकालात माध्यमांच्या समांतर खटल्यांवर कडक ताशेरे ओढून मर्यादा घालून दिल्या. तरी फुटलेली गोष्ट परत आत जात नाही. तुमच्या फोनमधला मजकूर बाहेर आला तर त्या बातमीची तारीख-वेळेसह नोंद ठेवा आणि ताबडतोब संबंधित न्यायालयात अर्ज द्या. खासगी अवयवांची छायाचित्रे संमतीशिवाय पसरवली असतील तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई लागते, मग पसरवणारा कोणीही असो.

झडतीच बेकायदा होती. तिच्यात मिळालेला पुरावा रद्द होतो का?

आपोआप नाही. १९७३ च्या पूरणमल निकालापासून आपल्याकडे असे धरले जाते, की झडती चुकीची असली तरी मिळालेली गोष्ट प्रकरणाशी संबंधित असेल तर ती पुरावा म्हणून चालू शकते. आम्हाला हे सर्वांत जास्त खटकते, कारण नियम मोडणाऱ्याला त्याची किंमतच मोजावी लागत नाही. पण दुसरी दिशाही मुंबईतूनच दिसली आहे. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी विनीत कुमार खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले; पुट्टस्वामीनंतर, बेकायदा मिळवले तरी चालेल असे म्हणता येणार नाही, हा त्याचा गाभा. निकाल टॅपिंगचा आहे, झडतीचा नाही. तरी वकिलांनी तो मोबाइलच्या प्रकरणात आग्रहाने मांडायला हवा.

जामिनाची अट म्हणून सतत लोकेशन देत राहायचे का?

नाही. ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट खासगीपणाच्या विरुद्ध ठरवली.

वकिलाचा फोन असेल तर?

अशिलाशी झालेले बोलणे साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने सुरक्षित आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वकिलाचे डिजिटल उपकरण मागवायचे तर ते न्यायालयासमोरच हजर करावे आणि इतर अशिलांची माहिती उघड होऊ देऊ नये. पत्रकारांच्या सूत्रांना आणि डॉक्टरांकडच्या रुग्णांच्या माहितीला मात्र असे ठोस कवच नाही.

फोन परत कधी मिळतो?

मागितल्याशिवाय मिळत नाही. न्यायालयीन भाषेत तो ‘मुद्देमाल’ होतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पडून राहतो. रिक्षा चालवणारा, घरपोच माल पोचवणारा, ऑनलाइन शिकणारा, सगळ्यांचे पोट आणि अभ्यास त्या फोनवर असतो. दंडाधिकाऱ्यांकडे कलम ४९७ किंवा ५०३ खाली, प्रकरण ज्या टप्प्यावर असेल त्याप्रमाणे, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर पुन्हा हजर करण्याच्या हमीवर, फोन मिळावा असा अर्ज करा. खरेदीची पावती आणि आयएमईआय नंबर जोडा. ‘प्रत काढून घ्या, हँडसेट परत द्या, मी हमीपत्र देतो’ असे त्यात लिहा. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की जप्त वस्तू गरजेपेक्षा जास्त, फार तर पंधरा दिवस ते महिनाभर, ठाण्यात ठेवू नयेत. अर्जात हा निकाल नावानिशी लिहा. तोवर त्याच नंबरचे नवे सिम घेऊन बँकेला आणि यूपीआयला कळवा.

तक्रार कुठे करायची?

आधी लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात, पोच घेऊन. त्यानंतर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग. प्रकरण न्यायालयात असेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर तोंडीही सांगता येते आणि नोंद करण्याची विनंती करता येते. मूलभूत हक्कावर घाला आला असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आहे. मुंबईशिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथेही खंडपीठे बसतात, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो.